ड्रमर गेला, बँड राहिला: बेसिस्ट तेत्सु आणि लार्क-आं-सिएलचं १९९७ साल

हे प्रकरण एका जपानी रॉक बँडच्या दहा-अकरा महिन्यांचं आहे. यशाच्या ऐन शिखरावर असताना ड्रमरला अटक झाली, नवं गाणं दुकानात जायच्या आधीच रद्द झालं आणि बँड पुढे चालवायचा की नाही हा प्रश्न उभा राहिला. बँडचा नेता होता बेसिस्ट, म्हणजे खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारा, तेत्सु. त्यामुळे हे प्रकरण जितकं बँड सांभाळण्याचं, तितकंच बेस वाजवण्याचंही आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, असं माझं मत आहे आणि पुढचं सगळं त्याच मतातून लिहिलं आहे.

अटक झालेल्या ड्रमरचं नाव मी घेणार नाही. जाणकारांना ते ठाऊक आहे, बाकीच्यांना ते कळून काही फरक पडत नाही. त्याचा गुन्हा हा या लेखाचा विषयच नाही.

पार्श्वभूमी

तेत्सुचा जन्म १९६९चा, शिगा प्रांतातला. बिवा सरोवराजवळचं माइबारा हे त्याचं गाव, शिनकानसेन या बुलेट ट्रेनचा थांबा म्हणून लोकांना ठाऊक असलेलं. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याने ओसाकात बँड काढला आणि फ्रेंच नाव ठेवलं, लार्क-आं-सिएल, म्हणजे इंद्रधनुष्य. जपानी चाहते नुसतं ‘लार्क’ म्हणतात, आपणही तसंच म्हणू. गायक हायड हा वाकायामाचा. त्याला तेत्सुनेच गळ घालून आणलं. गिटारवर हिरो आणि ड्रम्सवर पेरो अशी ही पहिली चौकडी.

ती टिकली नाही. १९९२च्या मध्यात हिरो गेला, वर्ष संपता संपता पेरोही गेला. दीड-दोन वर्षांच्या बँडमधून अर्धी माणसं निघून गेली की बहुतेक ठिकाणी खेळ तिथेच आटोपतो. तेत्सुने मात्र लहानपणचा मित्र केन याला शिक्षण सोडायला लावून गिटारवर आणलं आणि १९९३ मध्ये नवा ड्रमर घेतला. पुढे ज्याला अटक झाली तो हाच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ड्यून’ हा पहिला अल्बम एका छोट्या, स्वतंत्र कंपनीकडून आला आणि स्वतंत्र कंपन्यांच्या यादीत वर चढला. १९९४ मध्ये सोनीच्या कि/ऊन या लेबलशी करार झाला, ‘तिएरा’ आला, १९९५ मध्ये ‘हेवनली’. डिसेंबर १९९६ मध्ये आलेल्या ‘ट्रू’ने बँडला पहिल्यांदा ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या विक्रीच्या मुख्य यादीत पहिला नंबर मिळवून दिला आणि विक्रीचा दहा लाखांचा टप्पाही ओलांडला.

१९९२चा प्रसंग लक्षात ठेवायला हवा. १९९७ मध्ये जे करावं लागलं त्याची तेत्सुला एकदा सवय झाली होती. माणसं गेली तर माणसं शोधायची, नाव सोडायचं नाही. फरक एवढाच की पहिल्या वेळी कोणी बघत नव्हतं.

तेत्सुचा बेस

इथे जरा रेंगाळतो, कारण पुढचे निर्णय याशिवाय कळणार नाहीत.

रॉकमधल्या बेसिस्टकडून सहसा एक साधी अपेक्षा असते. कॉर्डचा मूळ स्वर धर, ड्रमरची किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका, जिथे पडते तिथे तू पड. किक आणि बेस एकाच क्षणी वाजले की ऐकणाऱ्याला दोन वाद्यं ऐकू येत नाहीत, एकच धक्का छातीत बसतो. बँडचा पाया म्हणतात तो हा.

तेत्सु हे काम करतो, पण त्यावर थांबत नाही. त्याचा बेस गातो. हायडची ओळ संपते आणि पुढची सुरू व्हायच्या आत जी दोन-तीन मात्रांची जागा राहते, तिथे तो वरच्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या उंच स्वरांच्या घरांत, चढतो, एखादी छोटी स्वरावली घेतो आणि सरकत खाली येऊन पुढच्या कॉर्डचा मूळ स्वर बरोबर समेवर धरतो. सरकणं म्हणजे तारेवरून बोट न उचलता एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणं, आपल्या मींडेच्या जवळचं. सप्तकाच्या उड्या तर पदोपदी आहेत. बहुतेक वेळा तो पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने, वाजवतो, त्यामुळे प्रत्येक स्वराची सुरुवात टोकदार ऐकू येते. बोटांनी वाजवलेला बेस मागे विरघळतो, हा पुढे येऊन उभा राहतो.

ओसाकाच्याच ‘डेड एंड’ या बँडवर त्याचा जीव होता, तिथला बेसिस्ट क्रेझी कूल जो याच्या वाजवण्याचा प्रभाव तो स्वतः मानतो. पुढे त्याच बँडच्या गायकाबरोबर दुसऱ्या एका बँडमध्ये तो वाजवायलाही गेला. पण लार्कमधली त्याची सवय आणखी एका कारणाने घडली असावी असं मला वाटतं. तो गाणी रचतो. ‘ब्लरी आइज’, ‘डाइव्ह टु ब्लू’, ‘ड्रायव्हर्स हाय’, ‘रेडी स्टेडी गो’ या चाली त्याच्या. चाल रचणारा माणूस बेस हातात घेतो तेव्हा त्याला दुसरी चाल सुचते, नुसता आधार सुचत नाही. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, पाहणाऱ्यांनी यातली दोन गाणी नक्की ऐकली असतील: ‘ड्रायव्हर्स हाय’ हे ‘जीटीओ’चं सुरुवातीचं गाणं होतं आणि ‘रेडी स्टेडी गो’ हे ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चं.

१९९६च्या ‘लाइज अँड ट्रूथ’मध्ये हे सगळं एका जागी सापडतं. चाल केनची, मागे व्हायोलिनांचा ताफा, खाली नाचता येईल असा ठेका. आणि बेस? तो एका जागी बसतच नाही. हेडफोन लावून फक्त बेसवर कान ठेवला तर हायडच्या शेजारून दुसरा गायक चालल्यासारखं वाटतं.

हे जमतं कधी? ड्रमर ठाम असतो तेव्हा. कीर्तनात बुवा ओवी लांबवतात ती पखवाजी हलणार नाही या भरवशावर. तेत्सु कडव्याच्या मध्यात पाया सोडून वर जातो तेव्हा खाली किक आणि स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) यांनी घर सांभाळलेलं असतं. तो ड्रमरच नाहीसा झाला तर?

अडचण

फेब्रुवारी १९९७ मध्ये ड्रमरला अमली पदार्थांच्या कायद्याखाली अटक झाली. ‘ट्रू’ बाजारात येऊन तीन महिनेही झाले नव्हते.

जपानमध्ये अशा वेळी कोर्टाच्या निकालाची वाट कोणी बघत नाही. कलाकाराला अटक झाली की कंपन्या आपणहून माल मागे घेतात, वाहिन्या गाणी लावायचं थांबवतात, जाहिरातदार निघून जातात. गुन्हा एकाचा असला तरी गप्प चौघांनाही बसावं लागतं. बँडच्या बाबतीत हे फार जाचक होतं, पण तिथली रीत तीच आहे.

पहिला फटका बसला ‘द फोर्थ ॲव्हेन्यू कॅफे’ या गाण्याला. हे गाणं ‘ट्रू’मध्ये होतंच, ते सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र सीडी म्हणून, २१ मार्चला येणार होतं. ‘रुरौनी केनशिन’ या ॲनिमे मालिकेच्या शेवटी ते वाजायलाही लागलं होतं. चार भागांनंतर ते काढलं गेलं, दुसऱ्याचं गाणं लागलं आणि सिंगल रद्द झालं.

त्या वर्षीचं जपानी रॉकचं चित्रही पाहायला हवं. लुना सी या मोठ्या बँडने १९९७ हे वर्ष सुट्टीचं ठरवलं होतं, त्यांचा प्रत्येक जण आपापलं काम करत होता. एक्स जपानमध्ये गायक तोशीने बाहेर पडायचं ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये बँड संपल्याची घोषणा झाली. म्हणजे मैदान रिकामं होत होतं, आणि त्यात उतरू शकणारा बँड घरी बसला होता. तोटा फक्त बुडालेल्या विक्रीचा नव्हता, हुकणाऱ्या वेळेचाही होता.

समोरचे पर्याय

बाहेरून पाहता चार वाटा दिसतात.

एक, बँड मोडायचा. हायडला एकट्याने गाता आलं असतं, केन आणि तेत्सु दोघेही चाली रचणारे, कोणाचं अडलं नसतं. यात कुणालाच दोष लागत नाही, म्हणून ही वाट सोपी.

दोन, थांबायचं. ड्रमर परत येईपर्यंत नाव बासनात. मित्राशी इमान राखणारी ही वाट. पण किती थांबायचं याला उत्तर नाही, आणि परत आला तरी कंपनी आणि वाहिन्या त्याला स्वीकारतील का, यालाही नाही. १९९७च्या जपानमध्ये तरी मला ती बंदच दिसते.

तीन, नवं नाव घेऊन नवा बँड. डाग जुन्या नावाबरोबर जातो. पण गेल्या सहा वर्षांची गाणीही त्याच नावाची, ती नव्या नावाने वाजवली तर लोक जुनंच नाव घेणार. या वाटेत तोटा पुरेपूर, फायदा दिखाऊ.

चार, नाव तेच, ड्रमर नवा, आणि लगेच. धंद्याच्या हिशेबाने बरोबर. पण घाईने आणलेला ड्रमर पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात ‘त्याच्या जागी आलेला’ म्हणून मोजला जातो. शिवाय मघाशी सांगितलेली अडचण आहेच. तेत्सुचा बेस ज्याच्या भरवशावर मोकळा फिरतो तो माणूस दोन-चार तालमींत तयार होत नाही.

हा शेवटचा मुद्दा बहुतेक लेखांत येत नाही. तिथे सगळी चर्चा प्रतिमेची आणि विक्रीची. वाजवणाऱ्याला विचारा, तो आधी एवढंच विचारेल, की नव्या माणसाची किक कुठे पडते?

काय केलं

बँडने चौथी वाट घेतली, पण तिचे तुकडे केले. या प्रकरणातलं शिकण्यासारखं काही असेल तर ते या तुकड्यांच्या क्रमात आहे.

पहिला तुकडा: १९९७च्या उन्हाळ्यात ते ‘द झॉम्बीज’ या नावाने छोट्या जागांमध्ये वाजवायला लागले. ड्रम्सवर युकिहिरो. हा झि:किल आणि डाय इन क्राइज या बँडमधून आलेला, तेत्सुपेक्षा वर्षभराने मोठा, नावाजलेला वादक. मोठी जाहिरात नाही, मोठं सभागृह नाही, लार्क हे नाव पाटीवर नाही. मेलेल्यांचं नाव घ्यायचा विनोदही बरा होता.

नाव बदलल्याने दोन गोष्टी साधल्या. फसलं असतं तर ते झॉम्बीजचं फसलं असतं. आणि युकिहिरोलाही नकार द्यायची मोकळीक राहिली, कारण त्याला कोणी बँडमध्ये घेतलेलंच नव्हतं.

दुसरा तुकडा: १७ ऑक्टोबर १९९७ला ‘निजी’ हे सिंगल, म्हणजे पुन्हा लार्क या नावाने पहिलं पाऊल. बरोबर एक वर्षापूर्वी, १७ ऑक्टोबर १९९६ला, त्यांचं ‘फ्लॉवर’ आलं होतं. ‘निजी’ म्हणजे जपानीत इंद्रधनुष्य. ज्या नावावर डाग लागला तेच नाव गाण्याला देऊन ते परत आले. चाल केनची, शब्द हायडचे. युकिहिरो अजूनही साहाय्यक वादकच होता.

तिसरा तुकडा: ४ नोव्हेंबरला जुना ड्रमर बँडमधून गेल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. गाणं आधी, घोषणा अठरा दिवसांनी. या क्रमाबद्दल पुढे बोलू.

चौथा तुकडा: २३ डिसेंबरला टोकियो डोम या मोठ्या स्टेडियममधला कार्यक्रम, नाव ‘रीइन्कार्नेशन’. सुमारे ५६,००० तिकिटं चार मिनिटांत संपली. आठच दिवसांनी, ३१ डिसेंबरला, त्याच डोममध्ये एक्स जपानने आपला निरोपाचा कार्यक्रम केला. एका जागेवर एक बँड परत आला आणि दुसरा संपला.

पाचवा तुकडा: १ जानेवारी १९९८ला युकिहिरो बँडचा सभासद झाला. डोम झाल्यावर, आधी नाही. त्याच्यावरची परीक्षा पार पडली आणि मग कागद झाला.

उन्हाळ्यातल्या छोट्या जागांपासून जानेवारीतल्या सभासदत्वापर्यंत एकही पायरी मागे घेता येणार नाही अशी नव्हती, ‘निजी’ सोडून. तो एकच डाव ते खरा लावून खेळले.

जोडी जमवताना

आधीचा ड्रमर आणि युकिहिरो यांच्यातला फरक माझ्या कानाला असा ऐकू येतो. आधीचा अंगाने वाजवणारा. स्नेअर जड, ठेका किंचित मागे ओढलेला, गाण्याला झोका देणारा. युकिहिरो अचूक. यंत्र आणि सिंथेसायझर यांच्यावर जीव असलेला, हाय-हॅटवर (एकावर एक बसवलेल्या झांजांच्या जोडीवर) बारीक काम करणारा, मारा कोरडा आणि नेमक्या जागी.

हे बेसिस्टला किती जाणवतं याचा साधा हिशेब करून पाहू. मिनिटाला १२० ठोके अशी लय धरली तर एका ठोक्याला अर्धा सेकंद, म्हणजे ५०० मिलिसेकंद. ठोक्याचे चार भाग केले तर एकेक भाग १२५ मिलिसेकंदांचा. आता किक आणि बेस यांच्यात पंचवीस-तीस मिलिसेकंदांचा फरक पडला, तर कान त्यांना एक मानायचं सोडतो. त्यातही बेस पिकने वाजत असेल तर स्वराचं टोक तीक्ष्ण असतं, फरक जास्तच उघडा पडतो. मागे ओढून वाजवणाऱ्या ड्रमरबरोबर चार वर्षं काढली की हात आपोआप तेवढंच मागे पडायला शिकतो. समोर मधोमध वाजवणारा आला की तोच शिकलेला हात उशिरा पोहोचायला लागतो.

म्हणजे नव्या ड्रमरबरोबर बसणं हे नवी गाणी पाठ करण्यासारखं नव्हतं. जुनी गाणी पुन्हा शिकायची होती. छोट्या जागांमधल्या उन्हाळ्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. तालमीच्या खोलीत चूक झाली की थांबता येतं. लोकांसमोर थांबता येत नाही, आणि हात तिथेच बदलतो.

तेत्सुची शैली या बदलाला अनुकूल ठरली. जो बेसिस्ट प्रत्येक किकला चिकटून वाजवतो त्याचं सगळं वाजवणं ड्रमरवर उभं असतं, ड्रमर बदलला की तो उघड्यावर येतो. तेत्सुची अर्धी नजर हायडच्या ओळीवर असते. ड्रमर बदलला तरी गायक तोच होता, ओळीच्या अखेरीस मिळणाऱ्या मोकळ्या जागा त्याच होत्या. मूळ स्वर कुठे ठेवायचा ते नव्याने ठरवावं लागलं, वरच्या फ्रेटवरचं गाणं तसंच राहिलं. युकिहिरोच्या अचूकपणाने तर त्याला उलट जास्त मोकळीक मिळाली. खालचा ताल हलणार नाही हे ठाऊक असलं की वर कितीही भटकता येतं.

याची प्रचीती घ्यायची तर ‘ब्लरी आइज’ दोनदा ऐकावं, एकदा १९९४चं मूळ ध्वनिमुद्रण आणि एकदा नंतरच्या वर्षांतलं कुठलंही मंचावरचं. बेसची ओळ ओळखू येते तीच आहे, पण खालची जमीन वेगळी आहे. मूळ गाणं डुलतं, नंतरचं धावतं. कोणतं चांगलं याच्यावर चाहत्यांत आजही वाद होतात. मला स्वतःला जुन्या गाण्यांना जुना ठेकाच शोभतो असं वाटतं, आणि १९९८नंतरची गाणी मात्र दुसऱ्या कुणाच्या हातून कल्पवत नाहीत.

‘ड्रायव्हर्स हाय’ हे त्याचं उदाहरण. तेत्सुचीच चाल, १९९९ची. सरळ, वेगवान, कुठेही रेंगाळणं नाही. ड्रमर असा मिळाल्यावर त्याने तशी चाल रचली, असं म्हणायला माझ्याकडे ऐकण्याशिवाय पुरावा नाही, पण ऐकणं पुरेसं आहे. एप्रिल २०००मधलं ‘स्टे अवे’ हे त्याच जातीचं, तेत्सुचंच, आणि त्यात तर बेस सगळ्यांच्या पुढे उभा आहे. जपानमध्ये बेस शिकणारी पोरं अजूनही ते गाणं बसवायला घेतात आणि दमतात.

परिणाम

आकडे भराभर सांगून टाकतो. जानेवारी १९९८मधलं ‘विंटर फॉल’ हे लार्कचं ओरिकॉनवर पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं सिंगल. फेब्रुवारीत ‘हार्ट’ अल्बम, तोही दहा लाखांवर. ८ जुलै १९९८ला एकाच दिवशी तीन सिंगल्स. १ जुलै १९९९ला ‘आर्क’ आणि ‘रे’ हे दोन अल्बम एकाच दिवशी, दोन्ही वीस-वीस लाखांच्या पुढे आणि यादीत पहिले दोन. २५ मार्च २०१२ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्वतःच्या नावावर कार्यक्रम, जपानी बँडने तिथे केलेला पहिला.

मला या यादीपेक्षा दोन छोट्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली अशी की युकिहिरो ‘जागा भरणारा’ राहिला नाही. ‘रे’मध्ये त्याने रचलेलं गाणं आहे, २००८मधलं ‘ड्रिंक इट डाउन’ हे सिंगलही त्याचंच. बँडच्या आवाजात यंत्रांचा जो पदर पुढे आला तो त्याने आणलेला. २००४पासून हे चौघे ‘पंक-आं-सिएल’ या नावाने वाद्यं अदलाबदल करून आपलीच गाणी धिंगाणा घालत वाजवायला लागले. तेव्हा गायला तेत्सु, गिटारला हायड, ड्रम्सवर केन आणि बेसवर युकिहिरो. बेसिस्टने स्वतःचा बेस ड्रमरच्या हातात दिला, आणि लोकांना मजा वाटली.

दुसरी, जुन्या ड्रमरशी नातं तुटलं नाही. २००२ मध्ये केनने त्याच्याचबरोबर वेगळा बँड काढला. बँडमधून काढलेला माणूस जगातून काढलेला नव्हता. १९९७ मध्ये कोणी जाहीरपणे त्याच्यावर चिखल उडवला नाही, त्याचा हा उपयोग.

तेत्सुने २००१ मध्ये ‘तेत्सु६९’ या नावाने एकट्याने गायलाही सुरुवात केली आणि डिसेंबर २००९पासून नाव तेत्सुया असं लिहायला लागला. नेता मात्र तोच राहिला.

काय वेगळं करता आलं असतं

घोषणेचा क्रम मला आजही खटकतो. फेब्रुवारीत अटक, नोव्हेंबरमध्ये ‘गेला’ अशी घोषणा. मधल्या आठ-नऊ महिन्यांत चाहत्यांनी काय समजायचं होतं? ‘निजी’ हातात पडलं तेव्हा ड्रम्स कोण वाजवतंय आणि जुना माणूस आहे की नाही, हे दोन्ही प्रश्न उघडे होते. घोषणा आधी झाली असती तर नव्या गाण्यावर ती सावली पडली नसती. याच्या उलट बाजूने एवढं म्हणता येईल की ऑक्टोबरपूर्वी ‘तो गेला’ म्हटलं असतं तर सगळी चर्चा त्याचीच झाली असती आणि गाणं ऐकायला कोणी उरलं नसतं. बँडने दुसरी बाजू धरली. मी पहिली धरली असती.

युकिहिरोला डोमपर्यंत साहाय्यक म्हणून ठेवणं हे बँडच्या बाजूने शहाणपणाचं होतं, त्याच्या बाजूने जड. पन्नास हजार लोकांपुढे सगळा भार उचलायचा आणि पाटीवर नाव नाही. त्याच्यासारखा मुरलेला माणूस ते पेलू शकला. विशीतल्या एखाद्या वादकाशी असं वागलं तर तो डोमच्या आधीच निघून जाईल.

आणि ‘द फोर्थ ॲव्हेन्यू कॅफे’. ते सिंगल शेवटी ३० ऑगस्ट २००६ला दुकानात आलं, ठरल्या तारखेच्या नऊ वर्षांहून जास्त काळाने. गाणं अल्बममध्ये सगळ्यांकडे होतंच, मग इतकी वर्षं थांबण्यात काय साधलं, ते मला कळत नाही. १९९८च्या यशानंतर ते कधीही काढता आलं असतं आणि कोणी भुवई उंचावली नसती.

दुसऱ्या बँडने हे प्रकरण जसंच्या तसं गिरवावं का? एक गोष्ट आधी तपासावी, गाणी कोणाच्या हातून येतात. लार्कमध्ये चाली मुख्यतः हायड, केन आणि तेत्सु यांच्या. ड्रमर गेल्याने लय बदलली, गाण्यांचा झरा आटला नाही. आवाजाची खूण असलेला हायड जागेवर होता. एक्स जपानने १९९२ मध्ये बेसिस्ट ताइजी गेल्यावर हीथला आणून पाच वर्षं बँड चालवला होता, म्हणजे माणूस बदलून पुढे जाणं त्यांनाही जमत होतं. १९९७ मध्ये गायक निघाला तेव्हा त्यांनी त्या जागी कोणाला उभं केलं नाही.